गाणी वाटू नका, रस्ता वाटा

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो, गाव कुडाळजवळ. दर वर्षी गणपतीला गाडीनेच जातो. मिस्टर गाडी चालवतात. सासरे शहात्तर वर्षांचे, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गाण्याचे दर्दी. सासूबाईंना अभंग आणि भजनं लागतात, शिवाय घाटात त्यांना गाडी लागते. मुलगी सोळा वर्षांची, कोरियन गाण्यांची वेडी. मुलगा नऊ वर्षांचा, एका जागी बसत नाही. मागच्या वर्षी मी प्रत्येकाच्या आवडीची दोन-दोन गाणी आलटून पालटून घेत एक मोठी यादी केली. पेणच्या अलीकडेच सासरे म्हणाले, "हा गोंगाट बंद करा." मुलीने कानात हेडफोन घातले ते थेट कणकवलीला काढले. शेवटी मिस्टरांनी सगळंच बंद केलं आणि पुढचा रस्ता कुणी कुणाशी धड बोललं नाही. यंदा रात्री दहाला निघून सकाळी पोचायचा बेत आहे. गर्दी धरून बारा-तेरा तासांची तयारी ठेवली आहे. कोणती गाणी घेऊ? एखादी यादी दिलीत तर फार बरं होईल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही यादी मागितलीत, पण मागच्या वर्षी वाद झाला तो यादीमुळेच. सगळ्यांची थोडी थोडी गाणी घेणं न्यायाचं वाटतं. गाडीत मात्र त्याचं काय होतं ते बघा. दर चार मिनिटांनी गाणं बदलतं. कुठलंही लागलं तरी सहांतल्या पाचांचं ते नसतं, आणि ज्याचं असतं तोही इतरांचे चेहरे बघत ऐकतो. सासऱ्यांचं नाट्यपद रंगात येतंय तोवर संपतं आणि पाठोपाठ कोरियन गाणं सुरू होतं. त्या गाण्यात वाईट काही नाही, पण तानेचा सूर अजून कानात असताना ते आदळलं की त्यांना गोंगाटच वाटणार. मुलीलाही तसंच. तिच्या गाण्यांचा मूड जमत असतानाच ऑर्गन वाजायला लागतो.

म्हणून यंदा गाणी वाटू नका, रस्ता वाटा. ठाणे ते कुडाळ साडेचारशे किलोमीटरच्या वरचा प्रवास आहे. त्यातला एक एक सलग टप्पा एकेकाच्या नावावर करा. त्या टप्प्यात त्याचंच ऐकायचं. इतरांनी "आवाज कमी करा" म्हणावं, "बदला" म्हणू नये. तास-सव्वा तास दुसऱ्याचं गाणं ऐकणं माणसाला जड जात नाही, कारण ते कुठल्या गावाला संपणार हे माहीत असतं. आणि तेवढ्या वेळात कान थोडे रुळतातही.

टप्प्यांकडे येतेच. त्याआधी तुमच्या पत्रातली जी ओळ वाचून मला काळजी वाटली, तिच्याबद्दल बोलू द्या. रात्री दहाला निघायचा बेत कृपा करून सोडा.

दिवसभर ऑफिस, मग सामान, मखर, फळं-फुलं गाडीत भरायची आणि दहाला स्टेअरिंगवर बसायचं. माणसाच्या शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात झोपेकडे सगळ्यात जास्त ओढतं. नेमकं त्याच वेळी तुम्ही पोलादपूर, खेड, चिपळूणच्या घाटांत असाल, बहुतेक पावसात. अशा वेळी "गाणी मोठ्याने लावू, झोप येणार नाही" असं जवळजवळ प्रत्येक घरात म्हटलं जातं. ब्रिटनमध्ये लुईस रेनर आणि जिम हॉर्न या संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. अपुरी झोप झालेल्या चालकांना त्यांनी ड्रायव्हिंगच्या सिम्युलेटरवर बसवलं आणि तोंडावर गार हवा, रेडिओ असे उपाय दिले. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दोन्हींचा उपयोग किरकोळ आणि थोडाच वेळ झाला. त्यांच्याच आधीच्या प्रयोगांत खरा उपयोग दिसला होता तो कॉफीचा आणि जेमतेम पंधरा मिनिटांच्या डुलकीचा. गाण्याने चालकाला आपण जागे आहोत असं वाटत राहतं, डोळे मात्र मिटायचे ते मिटतातच. यातच धोका आहे.

तेव्हा रात्री नऊला सगळ्यांनी झोपावं आणि पहाटे चारला निघावं. उजेडात घाट लागतील. अगदीच रात्री निघणं भाग असेल तर गाडी चालवणारे दोघे हवेत, पुढच्या सीटवरचा माणूस जागा हवा, आणि अडीच-तीनच्या सुमारास पेट्रोलपंपावर गाडी लावून चालकाने वीस मिनिटं डोळे मिटायला हवेत. याला गाण्यांचा पर्याय नाही.

दुसरी गोष्टही मिस्टरांबद्दलच. गाडीतलं संगीत आधी चालवणाऱ्यासाठी असतं. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातले वॉरन ब्रॉडस्की यांनी संगीताची लय आणि गाडी चालवणं यांचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. सिम्युलेटरवरच्या त्यांच्या प्रयोगात लय जलद झाली तसा गाडीचा वेगही वाढला आणि सिग्नल तोडण्यासारख्या चुकाही वाढल्या. नवशिक्या तरुण चालकांवर त्यांनी पुढे केलेल्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. स्वतःच्या अत्यंत आवडीची गाणी लावली की चुका जास्त होत होत्या. हे आपल्याला अनुभवानेही पटतं. आवडतं गाणं लागलं की आपण गायला लागतो, बोटांनी ठेका धरतो, आणि पाय नकळत दाबला जातो. पळस्प्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की ढोलकीच्या द्रुत लयीवर काटा कसा वर चढतो ते एकदा बघाच. म्हणून मोकळ्या रस्त्याला मध्य लय बरी. जलद गाणी जिथे गाडी मुळात पळूच शकत नाही तिथे ठेवा.

मिस्टरांना वेगळा टप्पा देऊ नका, सबंध रस्ताच त्यांचा समजा. त्यांनी "बंद" म्हटलं की कुठलंही गाणं, कुणाचंही, मधोमध बंद करायचं. कारण विचारायचं नाही आणि तोंडही पाडायचं नाही. आणि फोनला, बटणांना त्यांनी हात लावायचा नाही. ते काम मुलीला द्या. एकाच माणसाच्या हाती सूत्रं असली की निम्मी भांडणं होत नाहीत, आणि सोळा वर्षांच्या मुलीला कामाची जबाबदारी दिली की ती हेडफोनमध्ये लपत नाही.

आता रस्ता.

ठाण्याहून पहाटे चारला निघाल्यावर वडखळपर्यंतचा टप्पा सासूबाईंचा. मुलं झोपलेली असतील, बाहेर काळोख असेल. भूपाळ्या आणि अभंग ही या वेळचीच गाणी आहेत. दिवसा कोणत्याही वेळी लावले तरी चालतील असे अभंग मागे ठेवा, पहाटेचे आधी लावा. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा. पुढे बसून समोरचा रस्ता दिसत राहिला की गाडी लागण्याचा त्रास कमी होतो. आवडीच्या, सुखद संगीताने मळमळ थोडी कमी होते असं जर्मनीतल्या एका प्रयोगातही दिसलं होतं. तो प्रयोग पडद्यावरच्या सायकलफेरीचं चित्रण दाखवून केलेला होता, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. गोळी आणि आवळासुपारी जवळ असू द्याच. पण आवाजातला खर्ज, म्हणजे बेस, कमी ठेवा. स्पीकरचा दणका पोटात बसतो तो ज्यांना गाडी लागते त्यांना फार त्रासाचा होतो.

वडखळ नाक्याला चहा-वडा झाला की मुलांना जाग येईल. इथून लोणेऱ्यापर्यंत मुलीचं राज्य. गणपतीच्या दिवसांत इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेत गाड्या तुंबतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी गोगलगायीसारखी सरकत असताना नाचाची गाणी लावली तरी वेगाचं भय नसतं, आणि कंटाळलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला जागेवर बसून का होईना, हात-पाय हलवता येतात. मुलीला एकच अट घाला. दर दोन-तीन गाण्यांआधी तिने निवेदन करायचं. गटात कोण कोण आहे, यातला कुठला आवाज कुणाचा, शब्दांचा अर्थ काय. सासऱ्यांची पिढी रेडिओवर वाढली आहे. गाण्याआधी गायक, संगीतकार, फर्माइश करणाऱ्यांची नावं ऐकायची त्यांच्या कानांना सवय आहे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली तेव्हा ते साधारण आज तुमचा मुलगा आहे तेवढे असतील. नाव-गाव सांगून आलेलं गाणं त्यांना परकं वाटत नाही. काही न सांगता नुसतं अंगावर आलेलं गाणं परकं वाटतं.

मुलीला आणखी एक काम सांगा, हे मात्र घरीच, आधी करायचं. कोरियात पान्सोरी नावाचा जुना गायनप्रकार आहे. एक गाणारा किंवा गाणारी, आणि शेजारी बसलेला एक ढोलवाला, एवढ्यावर तासन्‌तास एक कथा गाऊन, बोलून, अभिनय करून सांगितली जाते. ढोलवाला आणि ऐकणारे मधूनमधून मोठ्याने दाद देतात, त्या दादेला तिथे चुइमसे म्हणतात आणि ती गाण्याचाच भाग मानतात. आवाज घोटून घोटून जाडाभरडा, कसदार केलेला असतो. आपल्या कीर्तनात, पोवाड्यात, मैफलीतल्या "क्या बात है" मध्ये ज्याचा जीव रमतो त्याला हे परकं वाटणं अवघड आहे. दहा मिनिटांचा एक तुकडा तिने शोधावा आणि आपल्या टप्प्याच्या शेवटी आजोबांसाठी म्हणून लावावा. त्यांना तो आवडेलच असं नाही. पण नात ज्या देशाची गाणी ऐकते तिथेही घराणी आहेत, गुरू आहेत, रियाज आहे, हे त्यांना कळेल. त्यानंतर "गोंगाट" हा शब्द सहजासहजी तोंडून निघणार नाही.

महाड ते पोलादपूर हा छोटा टप्पा मुलाचा. इथे पोवाडे लावा, आणि लावताना खिडकीबाहेर बोट दाखवा. डाव्या हाताला, डोंगरांच्या पलीकडे रायगड. पोलादपूरजवळचं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडावरचा पोवाडा तुळशीदास शाहिराने रचला. पोलादपूरवरूनच महाबळेश्वरकडे घाटरस्ता चढतो आणि वाटेत प्रतापगड लागतो. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा हा मराठीतला हाती आलेला सगळ्यांत जुना पोवाडा मानला जातो, तो याच डोंगरातल्या घटनेवर आहे. महाड शहरात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. इथे दोन भीमगीतंही लावा. शाहिरी जलशांनी ती गावोगाव नेली, डफ आणि ढोलकीवरची ती गाणी ऐकताना मुलं आपोआप शब्द पकडतात. नऊ वर्षांचं पोर पुस्तकातला धडा विसरतं, पण जागा डोळ्यांसमोर असताना ऐकलेलं गाणं बरंच लक्षात राहतं.

पोलादपूर ते चिपळूण गाणी बंद. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण पुढे भोस्ते घाट आणि परशुराम घाट आहेतच, आणि पावसाळ्यात दरडीचं, धुक्याचं भय असतं. घाटात कान मोकळे हवेत. समोरच्या वळणावरचा हॉर्न, मागून येणारी रुग्णवाहिका, गाडीच्या खालून येणारा वेगळा आवाज हे सगळं ऐकू यायला हवं. हा टप्पा सुरुवातीलाच "शांततेचा" म्हणून जाहीर करा. आधी ठरलेली शांतता आणि भांडून आलेली शांतता यांत फार फरक असतो. मुलीला हेडफोन घालायचे असतील तर इथे घालू द्या, त्यात अपमान मानू नका. मुलाला मात्र मोबाइलवर खेळू देऊ नका. घाटात पडद्याकडे बघितलं की त्यालाही आजीसारखीच गाडी लागेल.

चिपळूण ते हातखंबा सासऱ्यांचा टप्पा, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण शास्त्रीय संगीताच्या दर्दी माणसांची गाडीत सगळ्यांत जास्त निराशा होते. त्याचं कारण आवडनिवड नाही, गाडीचा आवाज आहे. टायरची घरघर, इंजिन, एसीचा पंखा, वर छपरावर पाऊस, हे सगळे खालच्या पट्टीतले आवाज आहेत. ते नेमके तंबोरा, तबल्याचा बायां आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या आलापाला गिळतात. मी एकदा एका स्नेह्यांबरोबर पुण्याहून सोलापूरला जात होते. त्यांनी मोठ्या हौसेने विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल लावला. पहिली पाच मिनिटं कुणालाच काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी आवाज वाढवला. गवई मध्य सप्तकात आले तेव्हा ठीक वाटलं. पुढे द्रुत सुरू झाली, तबला चढला, तार सप्तकातली तान आली आणि मागच्या सीटवरच्या काकूंनी कानांवर हात ठेवले. मग आवाज कमी. मग पुन्हा काही ऐकू येईना. सोलापूर रस्त्यावरचं इंदापूर येईपर्यंत त्यांचा डावा हात बटणावरच होता. गाणं उत्तम होतं, पण बंद खोलीत ऐकायचं होतं.

याउलट जुन्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणं गाडीत अप्रतिम लागतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गायक पहिल्या सुरापासून मुद्द्यावर यायचे. त्या काळच्या यंत्रांना फार खालचे आणि फार वरचे सूर टिपता येत नसत, सगळा जोर मधल्या पट्ट्यातल्या आवाजावर. नेमका तोच पट्टा रस्त्याच्या घरघरीतून वर येतो. हलका आवाज आणि मोठा आवाज यांतलं अंतरही त्यात कमी असतं, म्हणून बटण सारखं फिरवावं लागत नाही. सासऱ्यांना हे सांगा, त्यांना आवडेल. त्यांचा संग्रह गाडीत चालत नाही असं नाही, त्यातलं योग्य ते निवडायचं आहे. मध्य लयीतल्या बंदिशी, ठुमरी, दादरे, नाट्यपदं घ्यावीत. वाद्यांमध्ये बासरी आणि शहनाई टिकतात, सुरबहार आणि रुद्रवीणा हरवतात. विलंबित ख्याल गावी पोचल्यावर, ओसरीवर.

प्रहराचा नेम, म्हणजे ठरावीक राग ठरावीक वेळीच ऐकायचा, हे ते पाळत असतील तर पाळू द्या. दुपारी बाराच्या आसपास संगमेश्वरला असाल तर सारंगाचीच वेळ आहे. नुसता वृंदावनी सारंग धरला तरी त्यात खूप काही आहे. निवेदनाची अट त्यांनाही लागू. राग, गायक, नाटक, पद कुठल्या प्रसंगाचं, एवढं दोन वाक्यांत. दोनच. मैफलींच्या आठवणी निघाल्या तर मात्र मध्ये तोडू नका, गाणं थांबवून त्या ऐका.

हातखंब्याला जेवण. जेवणानंतर मिस्टरांना गाडीत सीट मागे करून वीस मिनिटं झोपू द्या, बाकीच्यांनी बाहेर पाय मोकळे करावेत. दुपारची ही वेळही शरीराच्या घड्याळात पेंगण्याचीच असते. त्यामुळे पुढचा अर्धा-पाऊण तास ध्वनिमुद्रित गाणी नकोत, गाण्याच्या भेंड्या खेळा. ऐकताना माणूस पेंगतो, अक्षर आपल्यावर येणार असेल तर पेंगत नाही. नियम सैल ठेवा. मुलीला कोरियन गाणं चालेल, आजीला ओवी चालेल, मुलाला शाळेतली कविता. मिस्टरांना खेळात घेऊ नका, त्यांनी रस्ता बघावा.

लांजा ते राजापूर हा टप्पा तुमचा. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. सासऱ्यांना काय आवडतं, सासूबाईंना काय लागतं, मुलगी काय ऐकते, मुलगा कसा बसत नाही, सगळं आहे. तुम्हाला काय ऐकायला आवडतं हे कुठेच नाही. भावगीतं असोत, कॉलेजच्या काळातली हिंदी गाणी असोत, लावणी असो, जे काही असेल ते, कुणाला न विचारता तासाभराचं भरा. निवेदनाची अट तुम्हालाही आहे. मुलांना त्यातून तुमच्याबद्दल असं काही कळेल जे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

खारेपाटण आलं की सिंधुदुर्ग सुरू. इथून पुढे भजन. तुमच्या मुलखातली भजनाची परंपरा केवढी मोठी आहे हे सासूबाई तुम्हाला सांगतीलच. पखवाज, पेटी, झांजा, आणि दोन बुवा समोरासमोर बसले की रात्रभर रंगणारी डबलबारी. त्यातला गजर मुलाला नक्की आवडेल, लय आपोआप चढत जाते आणि कोरस सगळ्यांना म्हणता येतो. कणकवलीच्या पुढे तेही बंद करा आणि आरत्यांची उजळणी घ्या. गावी वाडीतल्या घरोघरी आरत्या होतात. मुंबई-ठाण्याच्या मुलांना पहिलं कडवं येतं आणि दुसऱ्या कडव्याला ती नुसत्या टाळ्या वाजवत उभी राहतात, त्यांनाच मग अवघडल्यासारखं होतं. तासभर आजीबरोबर म्हटल्या तर यंदा तुमची दोन्ही मुलं वाडीत पूर्ण आरती म्हणतील.

हे वेळापत्रक मिनिटाला मिनिट पाळायचं नाही. रस्ता तुंबला, पाऊस वाढला, कुणाला झोप लागली तर टप्पे पुढे-मागे होतील. मुलीचा टप्पा माणगावच्या गर्दीत दोन तासांचा झाला तर सासऱ्यांचाही तेवढा वाढवा, एवढी नजर ठेवा म्हणजे झालं.

निघण्याआधी काय करायचं ते सांगते. दोन-तीन संध्याकाळी मुलगी आणि सासरे एकत्र बसू देत. तिने शोधायचं, त्यांनी "हे नको, याच पदाचं जुनं ध्वनिमुद्रण बघ" म्हणायचं. तुम्ही त्या खोलीत थांबू नका. सासूबाईंचंही तसंच, त्यांना बहुधा अभंगाचे पहिले शब्द आठवतील, गायक आठवणार नाही, शोधायला वेळ लागेल. हे सगळं आदल्या रात्री करायला घेतलं तर सगळेच चिडतील.

सगळं संगीत फोनमध्ये उतरवून ठेवा. घाटांत नेटवर्क जातं, आणि गाणं मध्येच गोल फिरत राहिलं की जुनी भांडणं परत येतात. एका पेनड्राइव्हवरही घ्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, बऱ्याच गाड्यांच्या स्टीरिओला दुसरी वाचता येत नाही. प्रत्येक टप्प्याचा वेगळा फोल्डर करा, त्याच्या नावाआधी शून्य-एक, शून्य-दोन असे आकडे घाला म्हणजे क्रम बदलत नाही. नावं रोमन अक्षरांत लिहा, काही स्टीरिओंच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटतात. शफल बंद ठेवा. जुन्या गाण्याचा आवाज बारीक आणि नव्याचा दणदणीत असं होतं, त्यासाठी काही ॲपमध्ये आवाज एकसारखा करण्याची सोय असते, ती सुरू करा. स्टीरिओत बेस दोन घरं खाली आणि मधला पट्टा एक घर वर घ्या, नाट्यपदांना आणि सासूबाईंच्या पोटाला दोन्हीला ते मानवेल. शेजारच्या माणसाशी घसा न ताणता बोलता येईल एवढाच आवाज ठेवा, त्याच्या वर नाही.

घरच्या अंगणात गाडी उभी करून एकदा सगळे फोल्डर लावून बघा. पेनड्राइव्ह वाचली जात नाही हे पळस्प्याला कळलं तर काही करता येत नाही.

परतीच्या प्रवासासाठी वेगळं काही ठरवू नका. विसर्जन झालेलं असतं, सगळे दमलेले असतात, मुलांना शाळेचं टेन्शन असतं. टप्पे तेच, उलट्या क्रमाने. चिपळूणपर्यंत कुणालाच काही ऐकावंसं वाटलं नाही तर काहीच लावू नका. मिस्टरांची झोप परतीच्या दिवशीही जायच्या दिवसाइतकीच पूर्ण झालेली हवी, आदल्या रात्री भजनाला बसले असतील तर निघणं एक दिवस पुढे ढकला.